मृदू वाद्याचा आवाज : नायलॉनच्या तारांच्या गिटारला पिकअप निवडताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत लखनऊ छावणी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्या आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मयापासून पेशवाईतील उत्तर हिंदुस्थानापर्यंत मोठमोठ्या विषयांचा परामर्श घेतला. त्यांच्या पंक्तीला गिटारला पिकअप कोणता बसवावा, असला कारागिरीचा विषय घेऊन बसताना मला संकोच वाटतो, हे आरंभीच कबूल करतो. परंतु हा विषय मी निवडलेला नाही. तो कार्यकारिणीने माझ्या गळ्यात घातला, आणि त्यामागचे कारण आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. गेली तीन वर्षे या एका वाद्यावरून मंडळात जेवढी चर्चा झाली तेवढी नव्या सतरंज्यांवरूनही झाली नसेल. आयुष्यभर लष्कराच्या सिग्नल विभागात तारा जोडण्याचे काम केल्यामुळे ती भानगड निस्तरण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात जे शिकलो ते इतर मंडळांच्याही उपयोगी पडेल, एवढ्याच भरवशावर मी आपल्यापुढे उभा आहे.

आधी हकीकत सांगतो. तीन वर्षांपूर्वीच्या कोजागिरीला आपल्यातील एका भगिनीने भावगीतांना गिटारची साथ केली. त्या सावंतवाडीकडच्या. यजमानांच्या बदलीमुळे येथे आलेल्या. गिटार त्यांच्या वडिलांची, नायलॉनच्या तारांची. वडिलांचा उजवा हात जेथे टेकत असे तेथले पॉलिश झिजून लाकूड उघडे पडलेले आहे. घरात आठ माणसांत वाजवण्याचे ते वाद्य. आपल्या सभागृहात पेटी आणि तबला यांच्यामध्ये ते बसवले आणि समोर एक ध्वनिक्षेपक ठेवला. पहिल्या कडव्यात गिटार कोणालाच ऐकू आली नाही. मागून "आवाज वाढवा" अशी मागणी झाली. मी आवाज वाढवला, आणि दुसऱ्या कडव्यात कर्ण्याने अशी शीळ घातली की मांडीवरची लहान मुले रडू लागली. बाईंनी शांतपणे गिटार पेटीत ठेवली. पुढल्या वर्षी त्या कोजागिरीला आल्या, पण श्रोत्यांत बसल्या. गिटार का आणली नाही, असे विचारले तेव्हा म्हणाल्या, "ते घरातच बरं वाटतं, काका."

हे वाक्य मला लागले. चूक वाद्याची नव्हती, वाजवणारीचीही नव्हती. चूक मशीनवर बसलेल्या माझी होती.

बंधुभगिनींनो, आपण ज्या गावात बसलो आहोत त्या गावात संगीताची हेळसांड मराठी माणसाच्या हातून तरी होऊ नये. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली याच लखनऊत मॅरिस कॉलेज हे संगीत महाविद्यालय सुरू झाले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ त्याचे प्राचार्यपद सांभाळले. तीच संस्था पुढे भातखंड्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि आज ती विद्यापीठ आहे. घराण्याघराण्यांतून गुप्त राहिलेल्या चिजा भातखंड्यांनी स्वरलिपीत उतरवून मराठीतून छापल्या, तेव्हा त्यांच्यावर एक आक्षेप घेतला गेला. स्वरलिपीत स्वर येतो, पण गळ्यातली मींड, कण आणि लगाव येत नाहीत, असा तो आक्षेप होता. तो खोटा नाही, परंतु त्यामुळे स्वरलिपी निरुपयोगीही ठरत नाही. ती काय पकडते आणि काय सोडते हे ओळखून तिचा उपयोग करावयाचा असतो. पिकअपचेही अगदी असेच आहे. प्रत्येक पिकअप वाद्यातील काही घेतो आणि काही टाकतो. सर्वोत्तम पिकअप कोणता, या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. आपल्याला या वाद्यातले काय गमावून चालणार नाही, हा खरा प्रश्न आहे.

आता मुळाशी जाऊ. गिटारला पूर्वी तात लावीत. आपल्या सारंगीला लावतात तशीच, जनावराच्या आतड्याची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमा शिवण्यासाठी तातीची लष्करी रुग्णालयांना गरज पडू लागली आणि वादकांना तारा मिळेनाशा झाल्या. आर्मी मेडिकल कोअरचे केंद्र ज्या छावणीत आहे त्या छावणीत ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्या टंचाईत न्यूयॉर्कमधील गिटार बनवणारे आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या, आणि स्पेनचे थोर वादक आंद्रेस सेगोविया यांनी त्या स्वीकारल्यावर जगभर त्यांचा प्रसार झाला. तेव्हापासून या जातीच्या गिटारच्या खालच्या तीन बारीक तारा साध्या नायलॉनच्या असतात. वरच्या तीन जाड तारा धातूच्या दिसतात, पण त्याही आतून नायलॉनच्या रेशमासारख्या धाग्यांच्या असून त्यांवर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेचे वेढे असतात.

हा तांब्याचा तपशील महत्त्वाचा आहे. आमची पहिली फसगत तेथेच झाली. विजेच्या गिटारला जो पिकअप असतो तो चुंबकाचा. चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. याच लखनऊत १९२७ साली जन्मलेले वॅन शिप्ली पुढे मुंबईस जाऊन विजेच्या गिटारवर चित्रपटगीतांच्या धुना वाजवून घरोघरी पोहोचले. ब्रिजभूषण काबरा यांनी हवाईयन गिटारवर रागदारी वाजवली. ती सारी किमया पोलादी तारेची. नायलॉन चुंबकाला ओळखत नाही, आणि तांबेही ओळखत नाही. त्यामुळे तबलीवरच्या गोल भोकात बसवावयाचा चुंबकी पिकअप कोणी कितीही स्वस्तात देऊ केला, तरी नायलॉनच्या गिटारसाठी तो घेऊ नये. आम्ही घेतला होता. जाड तारा धातूच्या आहेत, निदान त्या तरी वाजतील, असे मला वाटले. एकही वाजली नाही. खजिनदारांनी त्या दिवशी माझ्याकडे कसे पाहिले ते मी विसरलेलो नाही.

मग उरतात दोन मार्ग. एक हवेतला आवाज पकडण्याचा, म्हणजे ध्वनिक्षेपकाचा. दुसरा लाकडातील कंप पकडण्याचा.

ध्वनिक्षेपकाइतका खरा आवाज दुसरे कोणतेही साधन देत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. शांत सभागृहात एकटी गिटार असेल आणि श्रोते पन्नास असतील, तर चांगला ध्वनिक्षेपक समोर वीतभर अंतरावर ठेवावा आणि पिकअपचा विचारही करू नये. परंतु येथे अंतराचा हिशेब फार कठोर आहे. वाद्य आणि ध्वनिक्षेपक यांतील अंतर दुप्पट झाले की पोहोचणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. वादक वाजवताना जरा मागे रेलला तरी फरक पडतो. शिवाय ध्वनिक्षेपक शेजारचा तबलाही तितक्याच आवडीने ऐकतो. गिटारसाठी आवाज वाढवला की तबलाही वाढतो. सर्वांत वाईट म्हणजे कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा ध्वनिक्षेपकात शिरतो, पुन्हा कर्ण्यातून निघतो आणि हे चक्र वाढत जाऊन शीळ उत्पन्न होते. गिटारचे शरीर पोकळ असल्यामुळे ते स्वतःही या चक्रात सामील होते. तिच्या पोटातील हवा साधारणपणे सेकंदाला शंभर कंपनांच्या आसपास घुमते आणि तबली त्याच्या सुमारे दुप्पट कंपनांवर. त्यामुळे गिटारच्या बाबतीत शिळेआधी घूं असा आवाज येतो. त्या रात्री मला तो ऐकू आला होता, पण त्याचा अर्थ कळला नव्हता.

लाकडातील कंप पकडण्याचे साधन ते पिएझो. नाव परके असले तरी वस्तू आपल्या स्वयंपाकघरात आहे. गॅस पेटवण्याचा खटक्याचा लायटर दाबल्यावर ठिणगी पडते, ती याच तत्त्वाने. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांत विद्युद्दाब निर्माण होतो, हे पिएर आणि जाक या क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. ज्यांच्या घरी जुना रेकॉर्डप्लेअर होता त्यांना त्यातील क्रिस्टल पिकअप आठवत असेल. ध्वनिमुद्रिकेच्या खाचेतील सुईचा कंप तो विजेत रूपांतरित करीत असे. गिटारचा पिएझो तारेचा आणि लाकडाचा कंप तसाच रूपांतरित करतो. त्याला चुंबकाची गरज नाही, म्हणून पोलादाचीही गरज नाही.

हा पिएझो दोन ठिकाणी बसवता येतो आणि निवडीचा सगळा पेच येथेच आहे. समजण्यासाठी आपण मिरजेच्या तंबोऱ्याचे शब्द वापरू, कारण वाद्याची रचना मूलतः एकच. खाली तबली, तिच्यावर घोडी आणि घोडीवरून गेलेल्या तारा. गिटारच्या घोडीत एक खाच असून तिच्यात हाडाची बारीक पट्टी बसवलेली असते, तिला सॅडल म्हणतात. तारा त्या पट्टीवर टेकतात.

पहिला प्रकार म्हणजे या सॅडलच्या खाली, खाचेच्या तळाशी घालावयाची पातळ पिएझो पट्टी. तारांचा सगळा भार तिच्यावर पडतो, त्यामुळे आवाज भरपूर आणि स्पष्ट मिळतो, आणि शिळेचा धोका सर्वांत कमी असतो. ढोलताशे किंवा कीबोर्ड यांच्या बरोबरीने वाजवावयाचे असेल तर हाच प्रकार टिकतो. या मार्गाचा व्यापारी प्रसार करणाऱ्यांत अमेरिकेतील ओव्हेशन गिटारचे जनक चार्ल्स कामन हे प्रमुख होते. हे गृहस्थ व्यवसायाने हेलिकॉप्टर बनवणारे. यंत्रातील कंप मोजणे आणि आवरणे हा ज्याचा धंदा, त्यानेच लाकडातील कंप विजेत उतरवावा, यात मला तरी नवल वाटत नाही.

पण या प्रकाराचे तोटे समजून घ्या. सॅडलखालची पट्टी तारेचा दाब ऐकते, लाकडाचा गाभा मात्र कमी ऐकते. नखाने जोरात छेड दिली की आवाजात एक कोरडा, चिरका टणकारा येतो. नायलॉनचे सारे सौंदर्य तिच्या गोलाईत असल्यामुळे हा टणकारा पोलादी तारेपेक्षा नायलॉनवर अधिक खटकतो. दुसरे असे की खाचेचा तळ आणि सॅडलची खालची कड या दोन्ही अगदी सपाट असाव्या लागतात. तसे नसेल तर एक तार मोठ्याने बोलते आणि शेजारची मुकी होते. पट्टीच्या जाडीइतके सॅडल खालून घासावे लागते, अन्यथा तारा वर उचलल्या जाऊन बोटांना जड जातात. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यासाठी घोडीतून आरपार बारीक छिद्र पाडावे लागते. त्याला जोडून बहुधा वाद्याच्या कुशीत चौकोनी खिडकी कापून नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप्लिफायर बसवतात.

दुसरा प्रकार म्हणजे तबलीला चिकटवावयाच्या लहान गोल चकत्या. त्या घोडीच्या बरोबर खाली, तबलीच्या आतल्या अंगाला चिकटवतात. त्या केवळ तारेचा दाब न ऐकता लाकडाचे सारे बोलणे ऐकतात. स्पेनचे आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ साली एक गिटार अशी बनवली की तिची पाठ आणि कडा पुठ्ठ्याच्या होत्या, फक्त तबली उत्तम लाकडाची. गिटारचा आवाज मुख्यतः तबलीत असतो, हे त्यांना दाखवावयाचे होते. तबलीवर कान ठेवणारा पिकअप अधिक खरा का वाटतो, याचे उत्तर त्या पुठ्ठ्याच्या गिटारमध्ये आहे. मात्र जो सगळे ऐकतो तो बोटाचा टकटकाट, बाहीचे घासणे आणि कर्ण्याचा परतलेला आवाज हेही ऐकतो. म्हणून याला शीळ सॅडलच्या पट्टीपेक्षा लवकर धरते, ध्वनिक्षेपकापेक्षा मात्र पुष्कळ उशिरा. जागेचा फरकही मोठा पडतो. चकती बोटभर सरकली तरी जाड तारा घुमू लागतात किंवा बारीक तारा बुजतात. यासाठी प्रथम काढता येण्याजोग्या मळणीने चिकटवून दोन-चार दिवस वाजवून पाहावे, मगच कायमचे बसवावे. आणि बाहेरून, पॉलिशवर, कधीही चिकटवू नये. जुन्या वाद्यांचे लाखेचे पॉलिश गोंदाबरोबर निघून येते. आपल्याकडच्या मे-जूनच्या लूमध्ये तर ती मळण मऊ होऊन सरकते, तेव्हा उन्हाळ्यात बंद मोटारीत वाद्य ठेवणे दोन्ही अर्थांनी घातक.

आता आमच्या दुसऱ्या फसगतीकडे येतो. कार्यकारिणीने ठराव करून पैसे मंजूर केले आणि मी एक स्वस्त चकती आणून सरळ मिक्सरला जोडली. आवाज आला तो पत्र्याच्या डब्यावर पाऊस पडावा तसा. सगळ्यांनी चकतीला दोष दिला. मी दोन रात्री हिशेब मांडून बसलो तेव्हा दोष जोडणीत सापडला. पिएझो हा विद्युतशास्त्राच्या दृष्टीने एक लहान कपॅसिटर असतो. तो ज्याला जोडाल त्याच्या प्रवेशाचा विद्युत्-रोध कमी असेल तर खालचे स्वर तेथेच गळून जातात. सॅडलच्या पट्टीची धारकता साधारण एक नॅनोफॅरॅड धरा. मिक्सरच्या लाइन प्रवेशाचा रोध दहा हजार ओहम असतो. गणित केले तर सेकंदाला जवळजवळ सोळा हजार कंपनांच्या खालचे सगळे क्रमाक्रमाने उतरू लागते. गिटारची सर्वांत जाड मोकळी तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते आणि सर्वांत बारीक ३३० वेळा. म्हणजे संगीत जवळजवळ सगळे गेले, फक्त खरखर उरली. माझी चकती मोठी होती, तिची धारकता वीस नॅनोफॅरॅड धरली तरी ही मर्यादा ८०० कंपनांवर येते. सहाही मोकळ्या तारांचे मूळ स्वर त्याच्या खालीच राहतात. उलट तीच एक नॅनोफॅरॅडची पट्टी दहा लाख ओहमच्या प्रवेशाला जोडली की मर्यादा १५९ वर येते आणि एक कोटी ओहमला जोडली की सोळावर, म्हणजे सर्व स्वर सुखरूप.

तात्पर्य, पिकअप घेताना त्याच्या निम्मे लक्ष प्रीअँप्लिफायरकडे द्यावे. पिएझोसाठी बनवलेला, मोठ्या रोधाचा प्रीअँप्लिफायर नसेल तर महागातला पिकअपही डबा वाजवतो. तो असेल तर साधी चकतीही बोलू लागते. माझी तीच स्वस्त चकती योग्य जोडणीनंतर इतकी सुधारली की मी तिची मनातल्या मनात क्षमा मागितली. पिकअपपासून प्रीअँप्लिफायरपर्यंतची तार आखूड असावी. तेथून मिक्सरपर्यंतचा लांबचा प्रवास डीआय बॉक्समधून संतुलित तारेने करावा, म्हणजे मंडपातील विजेच्या तारांचा घूं आवाज तीत शिरत नाही. जनरेटर सुरू झाल्यावर गुणगुण वाढली तर पिकअपला दोष देण्याआधी अर्थिंग तपासावे.

इतके कळल्यावर वाद्य घेऊन आम्ही शहरातील एका दुकानात गेलो. दुकानदाराने गिटार उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, सॅडलखाली पट्टी घालू, कुशीत खिडकी कापू, संध्याकाळपर्यंत तयार. बाजारातील बहुतेक नव्या गिटारींना असेच बसवलेले असते आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती. बाईंनी विचारले, "खिडकी कुठे येईल?" त्याने बोट ठेवले. ती जागा कुशीच्या वरच्या कडेला, वडिलांच्या हाताने झिजलेल्या लाकडाच्या अगदी लगत होती. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी गिटार पेटीत घातली आणि आम्ही परत आलो.

त्या आठवड्यातील कार्यकारिणीची बैठक आपल्यापैकी काहींना आठवत असेल. दोन बाजू पडल्या. एका बाजूचे म्हणणे असे की मंडळाने पैसे मंजूर केले आहेत, कार्यक्रम सगळ्यांचा आहे, एका वाद्याच्या कुशीला छिद्र पडले तर काय बिघडले, सॅडलची पट्टी सर्वांत भरवशाची आहे. तांत्रिकदृष्ट्या ते खरे होते, आणि मीही आधी त्याच बाजूचा होतो. दुसऱ्या बाजूने एक आजी बोलल्या. त्यांनी एवढेच विचारले, "आवाज किती मोठा हवा आहे तुम्हाला?"

हा प्रश्न मला सुचावयास हवा होता. आपले सभागृह दीडशे माणसांचे. साथीला ढोल नाही, कीबोर्ड नाही. शिवाय वस्ती छावणीची, जवळ रुग्णालये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. रुग्णालयाभोवती शंभर मीटरचा शांतता टापू, तेथे ती अनुक्रमे ५० आणि ४०. रात्री दहानंतर उघड्यावर कर्णा वर्ज्य. आपल्याला मोठा आवाज नकोच होता. आपल्याला पेटीशेजारी गिटार स्पष्ट ऐकू यावी एवढेच हवे होते. ज्या गुणासाठी आपण लाकूड कापावयास निघालो होतो, त्या गुणाची आपल्याला गरजच नव्हती.

तेव्हा निर्णय झाला तो असा. तबलीच्या आतून दोन चकत्या, मळणीने बसवलेल्या. गिटारच्या शेपटाकडे तारेसाठी भोक पाडण्याची पद्धत आहे, तेही पाडावयाचे नाही. तार गोल भोकातून बाहेर काढून वाद्याच्या पट्ट्याला मऊ फडक्याने बांधावयाची. स्वतंत्र प्रीअँप्लिफायर स्टुलावर ठेवावयाचा. कर्णे वादकाच्या पुढे आणि श्रोत्यांकडे तोंड करून लावावयाचे. गिटारच्या पोटातली हवा जेथे घुमते तो एक पट्टा मिक्सरवर थोडा उतरवावयाचा. आणि एवढे करून तबला आणि पेटी यांचे ध्वनिक्षेपकच कमी करावयाचे. हे शेवटचे सर्वांत अवघड गेले. आपल्या तबलजींना आवाज कमी करा म्हणणे हे कोणत्याही विद्युतशास्त्राच्या पुस्तकात शिकवीत नाहीत. पण त्यांनी मनाचा मोठेपणा दाखवला, याचा येथे मुद्दाम उल्लेख करतो.

इतर मंडळांसाठी थोडक्यात सांगतो. एकटी गिटार आणि शांत खोली असेल तर ध्वनिक्षेपक. मोठा वाद्यवृंद, उघडे मैदान आणि नवी गिटार असेल तर सॅडलखालची पट्टी. त्यासाठी नवीच गिटार घेत असाल तर कारखान्यातून बसवून आलेली घ्यावी, म्हणजे कोणाच्या वाद्यावर करवत चालवावी लागत नाही. मध्यम सभागृह, दोन-तीन साथीदार आणि जपण्यासारखे वाद्य असेल तर तबलीच्या चकत्या. कोणताही प्रकार असो, कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नव्हे, आठ दिवस आधी, त्याच सभागृहात, त्याच साथीदारांबरोबर वाजवून पाहावे. दुकानात गोड वाटलेला आवाज मंडपात तसाच राहील अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही. बॅटरीचा प्रीअँप्लिफायर असेल तर कार्यक्रमानंतर तार काढून ठेवावी. बहुतेकांत तार घातलेली असली की बॅटरी जळत राहते. आणि बॅटरी आत ठेवून वाद्य वर्षभर कपाटात टाकू नये. ती पाझरली की सर्किट खाते.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपल्याला अभिमान वाटला. त्या कारागिरांच्या घरी एक गोष्ट पाहावयास मिळते. तंबोरा पूर्ण झाल्यावरही जवारी काढण्याचे काम राहते. घोडीचा माथा घासून, तारेखाली दोऱ्याचा जीव मागेपुढे सरकवून, कानाने ऐकत ऐकत तो स्वर उघडावा लागतो. त्याला माप नाही. चकती बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवत आम्ही चार संध्याकाळी बसलो, बाई वाजवीत आणि मी शेवटच्या रांगेत उभा राहून ऐकत, तेव्हा मला तोच दोरा आठवत होता.

गेल्या कोजागिरीला बाई पुन्हा वाजवावयास बसल्या. पहिले गाणे सुरू झाले तेव्हा माझा हात मिक्सरवर होता आणि तळहाताला घाम होता. शीळ आली नाही. घूं आला नाही. शेवटच्या रांगेतल्या त्याच आजी मान हलवीत होत्या. कार्यक्रमानंतर दूध घेताना मी उत्सुकतेने चार माणसांना विचारले, आज आवाज कसा होता? कोणी चालीविषयी बोलले, कोणी गायिकेच्या गळ्याविषयी. एकाने दुधात साखर कमी असल्याची तक्रार केली. पिकअपविषयी एकानेही चकार शब्द काढला नाही. घरी जाताना माझ्या ध्यानात आले की याहून चांगला अभिप्राय मला मिळाला नसता.